लांडग्याच्या कातड्याचा भाव

रविवार, ९ जुलै २०००

आज जेवताना सुशीलाने ताट बाजूला सारलं. म्हणाली, "अहो, माणसांच्या घशाखाली घास जाऊ द्या. तुमच्या शिव्या ऐकून वरण आंबायची वेळ आली. एवढंच मळमळत असेल तर लिहून काढा कुठंतरी." हळदीच्या एका व्यापाऱ्याने जानेवारीत दिलेली डायरी कोरीच पडली होती. ती काढली. आता इथं मनसोक्त.

मळमळ कशाची ते आधी लिहितो. संदेशच्या खोलीत कॉम्प्युटरवर खेळ चालला होता. संदेश माझा एकुलता. इंजिनियर झाला आणि बेगम बाजारातली आमची चिंच-मिरचीची गादी सोडून, अमेय नावाच्या एका पुण्याच्या पोराबरोबर जामबागेत दोन खोल्यांचं ऑफिस थाटून बसला. ऑफिसात काय करतात, तर खेळ. म्हटलं, पाहू तरी.

खेळात एक तलवारवाला. गाव कोणतं, बाप कोण, काही पत्ता नाही. जंगलात जातो, लांडगे मारतो, कातडी सोलतो आणि वेशीतल्या दुकानात नेऊन टाकतो. दुकानदार घेतो. किती? कितीही. पहिल्या कातड्याला जो भाव तोच शेवटच्याला.

मी विचारलं, "हा एवढ्या कातड्यांचं करतो काय?"

"काही नाही, बापू."

"पुढं कुणाला विकतो?"

"कुणालाच नाही."

"मग ह्याच्याकडं द्यायला पैसा येतो कुठून?"

"त्याचा पैसा संपतच नाही," पोरगं म्हणालं, आणि हसलं.

अडतीवर बसून केस पिकले, पण असला निर्बुद्ध दुकानदार मी पाहिला नाही. उंदीर मारला तर पोटातून सोन्याच्या मोहरा पडतात. उंदराला मोहरा कशाला लागतात? गावात शेत एक नाही, खानावळीत भाकरी मात्र सदा तयार. आणि तो दुकानदार दिवसरात्र उभा. बसत नाही, जेवत नाही, मुतायला जात नाही. वर अमर. तलवार मारली तरी मरत नाही, "या, काय हवं?" एवढंच म्हणतो.

जेवायला बसल्यावर संदेशने खरी गोष्ट काढली. अमेरिकेच्या एका कंपनीने त्यांना चाचणीचं काम दिलंय. त्यांच्या मोठ्या खेळातल्या एका गावाचा बाजार बनवून द्यायचा. पसंत पडला तर वर्षभराचं काम. "मग मी गादीवर बसणार नाही, बापू. आत्ताच सांगायलोय."

मी म्हटलं, "सौदा करू. पसंत पडला तर जा, मी आडवा येणार नाही. नाही पडला तर लक्ष्मीपूजनाला गादीवर बसायचं, आणि कॉम्प्युटरचं नाव पुन्हा काढायचं नाही."

खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला. पेठेत आमचा मोठा सौदा असाच होतो. भाव तोंडाने कुणी बोलत नाही. रुमालाखाली बोटं धरून सांगायचा. मूठ आवळली की सौदा पक्का, तळवा उघडला की मोडला. आणि रुमालाखाली जे झालं ते तिसऱ्याला कळू द्यायचं नाही. संदेश लहानपणी पोत्यांवर बसून हे शिकला, अक्षरं शिकायच्या आधी. आज त्याने मूठ आवळली. बोटं मऊ झालीत पोराची. चीड आली.

रविवार, १६ जुलै

दुकान बंद. जामबागेला गेलो, उगाच. माझे कान चांगले आहेत. पेठेत सगळं कानानेच शिकलो, शिकवायला कोण बसलं होतं. जिन्यातच आतलं बोलणं ऐकू आलं.

अमेय म्हणत होता, "बाजार मेलाय रे आपला. दिसतो छान, पण कुणी तिथे घटकाभर थांबत नाही."

संदेश म्हणाला, "बापूंना विचारू?"

"त्यांना? ते कशाला मदत करतील? पैज त्यांच्याशीच लावलीयस ना?"

"ते खोटं सांगणार नाहीत. बाजाराच्या बाबतीत तर नाहीच."

मी खोकून आत गेलो. बाजाराच्या बाबतीत तर नाहीच, म्हणजे काय? बाकीच्या बाबतीत खोटं बोलतो की काय मी?

अमेय पोरगा नम्र आहे. खुर्ची पुसून दिली. "काका, तुम्हाला आमच्या बाजारात काय खटकतं?" मी म्हटलं, काय नाही खटकत ते विचारा, लवकर घरी जाल. मग बोलत बसलो. दुपार गेली. त्यांच्याकडचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी.

रविवार, २३ जुलै

थर्मास घेऊन गेलो. उस्मानिया बिस्किटंही घेतली, पोरं उपाशी कामं करतात.

त्यांच्या बाजाराची घाण आज उपसली. एक, दुकानदाराचा गल्ला रिकामा होऊ द्या. दोन, कातड्यांचा ढीग वाढला की भाव पडला पाहिजे, चार दिवस कुणी आणलं नाही की चढला पाहिजे. पेठेतली दुकानं आपसात बोलतात, सकाळी सगळ्यांचा भाव एक होतो, आणि परक्या माणसाला तो कळत नाही. भाव पाटीवर नको, रुमालाखाली. तलवारवाल्याला बोटांची भाषा येत नसेल तर त्याने ठकावं, ठकून शिकावं. मी तसाच शिकलो. आणि दुकानदार जेवायला घरी गेला पाहिजे.

अमेय म्हणाला, "काका, तो घरी गेला तर खेळणाऱ्याने काय करायचं?"

"ओट्यावर बसायचं."

"आणि मारला कुणी त्याला तर? मरू द्यायचा? दुकानदार मेला तर खेळ अडतो."

"अडू द्या की. न मरणारा माणूस दुकान कशाला काढेल? पोटच नाही ते. मला तर अमर दुकानदार बघून किळस येते."

संदेश भराभर टिपून घेत होता. मेधा म्हणून एक मुलगी आहे, चित्रं काढते. तिने मला खिडकीशी बसवलं. "काका, मान जरा इकडे. अशीच भुवई वर ठेवा, कुणी फार भाव मागितला की ठेवता तशी." त्या खेळातल्या सेठला माझंच तोंड लावलं तिने. आवाजही माझा भरून घेतला, मरतानाच्या ओरडण्यासकट. मी वाक्य दिलं, "बसा, पाणी प्या, घाई कसली." ही जुनी युक्ती. पाणी प्यालेला माणूस ओट्यावरून पटकन उठून जात नाही.

घरी आल्यावर सुशीला म्हणाली, "आज इस्त्रीचा सदरा घालून गेला होतात." धुळीत जायचं तर काय घालायचं?

बुधवार, ९ ऑगस्ट

मलकपेठेत आमच्या घरामागे नवीन दुकान निघालंय. थंड हवा, काचेची दारं. ज्याला पाहिजे ते त्याने आपल्या हाताने उचलायचं. प्रत्येक वस्तूवर भावाची चिकटपट्टी. सुशीलाने ओढून नेलं. ती टोपली घेऊन हिंडत होती, चेहरा देवदर्शनाचा. मी एका पोराला विचारलं, "ह्या चिंचेचा खरा भाव काय?" तो म्हणाला, "जो लिखा है वहीच, अंकल." दुसऱ्याला विचारलं. तेच वाक्य, तसंच.

बाहेर आल्यावर सुशीला म्हणाली, "किती बरं वाटलं. कुणाशी हुज्जत नाही, कुणी तोंड बघून भाव लावत नाही."

मी म्हटलं, "हुज्जतच नको तर बाजारात कशाला जायचं, देवळात जा." असली दुकानं वर्षभर टिकायची नाहीत. लिहून ठेवतो.

शुक्रवार, २५ ऑगस्ट

काल आभाळ फाटलं. मुसी नदीकडून पाणी उलटं पेठेत शिरलं. हमाल घरी अडकले, मी एकटा दुकानात. खालच्या थरातली पोती भिजायला लागली तेव्हा संदेश आला, जामबागेतून पाण्यात चालत. सदरा काढला आणि पोती माळ्यावर चढवायला लागला. पाठीवर पोतं घेतलेल्या माणसाशी काय बोलायचं? बरीच चिंच वाचली.

आज पेठेत चिंचेचा भाव कडाडला. लगेच डोक्यात आलं, ह्यांच्या खेळात पाऊस नाही. रविवारी सांगायला हवं.

रविवार, २७ ऑगस्ट

सांगितलं. अमेयने कपाळ धरलं. संदेश म्हणाला, "टाकू पाऊस." अमेय म्हणाला, "अरे, खेळ आहे हा, हवामान खातं नाही." दोघांत शब्दाला शब्द झाला. शेवटी संदेशचंच चाललं. "बापूंना बाजार कळतो," तो म्हणाला.

पाऊस घातला. आता पावसाळ्यात कातडी कुजतात आणि सेठ अर्ध्या भावाने घेतो. बाजार उत्तम झालाय. मी डोळे मिटून नुसता त्याचा कलकलाट ऐकला, तर बेगम बाजारात बसल्यासारखं वाटलं.

रविवार, १० सप्टेंबर

आज किळसवाणा दिवस गेला.

काम पाठवण्याआधी परक्या पोरांकडून खेळून घेतात म्हणे. कोटी भागातल्या कॉलेजातली पोरं बोलावली होती. बाहेरच्या खोलीत ती खेळत होती, मी आत पडद्याआड थर्मास घेऊन.

आधी शांत होतं. मग एक पोरगं म्हणालं, "क्या की ये सेठ. सुबू से लांडगे मारा मैं, ये बोलता बसो, पानी पिओ."

दुसरं म्हणालं, "मेरेकू बी. हात पकड़ के क्या क्या करा, आधे पैसे में चमड़ा ले लिया."

"आगे की दुकान में जाओ."

"वो बी उतनाच देता. सब मिले हुए हैं."

मग, "मार दूँ?" आणि तलवारीचा आवाज. मग माझा आवाज, मेधाने भरून घेतलेला, ओरडायचा. मग सगळी पोरं हसली. त्यानंतर एकेका यंत्रावरून माझंच ओरडणं. मेधा म्हणाली, "हळू रे, काका आत बसलेत, त्यांचं तोंड आहे त्याला." तर पोरं जास्तच हसली. गल्ला फोडून कातडी फुकट मिळतात, हे त्यांना कळलं होतं. जंगलातल्या राक्षसाकडे एकही पोरगं गेलं नाही.

पोरं गेल्यावर अमेय म्हणाला, "सेठला अमर करू. भाव पाटीवर लावू. अजून वेळ आहे."

संदेशने माझ्याकडे पाहिलं. "बापू, थोडं सैल करू का?"

मी म्हटलं, "तुझा खेळ, तुझी मर्जी. पण मला विचारशील तर खरं ते खरं."

तो म्हणाला, "मग राहू द्या."

सौदा मला आठवला नाही असं नाही. पण मी काय खोटं सांगितलं? एक शब्द खोटा नाही. असा बाजार चुकीचा आहे असं पेठेतल्या कुणालाही म्हणू द्या. लोक सेठला मारतात हा लोकांचा दोष, बाजाराचा नाही.

झोप लागेना म्हणून आणखी एक ओळ. त्या पोरांनी पाणी तरी प्यायला हवं होतं.

शनिवार, ३० सप्टेंबर

उत्तर आलं. नापसंत. कंपनीने लिहिलंय की तुमचा बाजार आम्ही पाहिले त्यांतला सर्वांत हुशार आहे, पण आमची माणसं दिवसभर ऑफिसात असल्याच बाजारात ठकून येतात, संध्याकाळी पुन्हा ठकायला पैसे देणार नाहीत.

सौदा मी जिंकलो. बिस्किटं घेऊन जामबागेला गेलो, पोरांची तोंडं उतरली असतील म्हणून. जिन्यात पाय अडला.

अमेयचा आवाज चढला होता. "मुद्दाम केलं त्यांनी. तुला कळत कसं नाही? त्यांना तू गादीवर हवा होतास. एकेक नियम घालून बुडवला आपल्याला."

संदेश म्हणाला, "मला कळलं होतं."

"कधी?"

"पोरांनी सेठला मारला त्या दिवशी. बाजार चालणार नाही, हे कळलं होतं. त्यांनाही कळलं होतं, मला वाटतं."

"मग तोंड शिवलं होतंस का?"

आत खुर्ची सरकली. संदेश हळू बोलला, पण माझे कान मेले चांगले. "अमेय, शाळेच्या बक्षीस समारंभाला ते कधी आले नाहीत. दुकान असायचं. इथं दर रविवारी यायले होते. थर्मास घेऊन. मी नाही म्हणालो असतो, तर पुढच्या रविवारी आले नसते."

बिस्किटं जिन्यात ठेवून परत आलो.

काय धंदा आहे हा? समोर तोटा दिसतोय आणि माणूस माल सोडत नाही. त्याच्या जागी अडतीवरचा कुणीही असता तर थर्मासकट बापाला हाकलून दिलं असतं. किळस आली. कशाची ते नीट सांगता येत नाही.

शनिवार, ७ ऑक्टोबर

दसरा. शेजारीपाजारी सगळे आले. जम्मीचा, म्हणजे शमीचा, पाला हातात ठेवून "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मीही वाटलं. कोनाड्यात सोन्याचा ढीग झाला, संध्याकाळी सुशीलाने झाडून काढला. संदेशने सगळ्यात शेवटी दिलं. पाया पडला आणि म्हणाला, "घ्या बापू. ह्याचा भाव पडत नाही." चेष्टा होती की काय कोण जाणे.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. संदेशला गादीवर बसवलं. पांढरं शुभ्र आच्छादन, झेंडू, नवी वही. पेठेतली माणसं येऊन म्हणाली, हणमंतराव, नशीब काढलंत, आजकाल कुणाचा इंजिनियर गादीवर बसतो? मी पेढे वाटले. पेढा तोंडात फिरत राहिला. तूप खवट असणार.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

दुकानाचं काय चाललंय ते लिहायलाच हवं, नाहीतर जेवताना तोंडातून निघेल.

पोराने पाटी लावली. चिंच, एक भाव. चांगली, वाईट, कोरडी, ओली, सगळ्यांना एकच. कुणी घेऊन आला तर घेतो, किती आहे विचारत नाही. मी एका बाजूला गप्प बसतो. गादीवर बसवताना शब्द दिला होता, गादी त्याची.

अप्पाराव आज आला. महबूबनगरकडचा जुना माणूस, घरोघरची चिंच गोळा करून आणतो. आम्ही दोघं रुमालाखाली भांडत म्हातारे झालो. त्याने पोतं टेकवलं, ओट्यावर बसला, हात पुढं केला. संदेशने हाताकडं पाहिलंही नाही. पाटीकडं बोट केलं. वजन झालं, पैसे दिले, म्हणाला, "पुढचं कोण?"

अप्पाराव माझ्याजवळ येऊन बसला. "सेठ, तुम्हारा बेटा अच्छा है. मैं जो लाया सब ले लिया. लेकिन मज्जाच नहीं आया. घर में बीवी पूछे कैसा हुआ सौदा, तो क्या बोलूँ? हुआइच नहीं बोलूँ?" थोड्या वेळाने म्हणाला, "बीमार है क्या? पलकाँ बी नहीं मारता."

मग मी नीट पाहिलं. संदेश गादीवर बसत नाही, उभा राहतो. दिवसभर. आलेल्या माणसाला तीनच वाक्यं. "या. भाव पाटीवर आहे. पुढचं कोण?" जेवायला चल म्हटलं तर म्हणतो, तुम्ही जा. रागावत नाही, उलटून बोलत नाही. एका हमालाने पोतं त्याच्या पायावर टाकलं तरी म्हणाला, "पुढचं कोण?"

आता साऱ्या तालुक्यात बातमी गेलीय. जिथं जिथं काळी पडलेली, किडकी, दोन वर्षांची चिंच आहे ती सगळी आमच्याकडं यायला लागलीय. माळा भरला, बोळात पोती लागली. लांडग्याची कातडी.

बुधवार, १५ नोव्हेंबर

अमेयचा फोन आला होता. संदेश पलीकडच्या खोलीत बोलत होता. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने अमेयला दुसरं काम दिलंय, लहान मुलांना गणित शिकवायचा खेळ. मेधाही आहे. संदेशला ये म्हणतोय.

संदेश म्हणाला, "नाही रे. मूठ आवळलीय मी." अमेय काहीतरी बोलला. "तुला नाही कळायचं. पेठेतला माणूस मूठ आवळून सोडत नाही."

हे मीच शिकवलं त्याला. पोत्यावर बसवून.

रविवार, १९ नोव्हेंबर

संदेश झोपला होता, रविवारीही उशिरापर्यंत झोपतो हल्ली. त्याचा कॉम्प्युटर झाकून ठेवलेला. सुशीला म्हणाली, "लावून देऊ? मला येतं." हिला कधी आलं?

तिने माझा बाजार लावून दिला आणि आत गेली. मी तलवारवाला झालो. म्हटलं, बघू तरी काय चुकलं होतं. लांडगा मारायला फार त्रास पडला, दोनदा मीच मेलो. शेवटी एक कातडं मिळालं. पाऊस लागला. चिखलातून वेशीत आलो. सेठ जेवायला गेला होता. ओट्यावर बसलो. कातडं भिजत होतं.

सेठ आला. माझी भुवई, माझं पोट. माझ्या आवाजात म्हणाला, "बसा, पाणी प्या, घाई कसली."

हे वाक्य मी माझं म्हणून दिलं होतं. ते माझं नाही. उदगीरकडून चिंचेचं गाठोडं घेऊन पहिल्यांदा पेठेत आलो, तेव्हा ओठांवर मिसरूड नव्हतं. एका जाड सेठने पाठीवर हात ठेवून हेच म्हटलं होतं. पाणी गार होतं. माझ्या बोटांना त्याची भाषा येत नव्हती. बाहेर पडलो तेव्हा गाठोडं गेलं होतं आणि हातात परतीच्या गाडीचंही भाडं नव्हतं. म्हणून तर ह्या शहरात राहिलो.

आता बोटांची भाषा मला येते. मी बोटं लावली. सेठने अर्धा भाव सांगितला. पुढच्या दुकानात गेलो, तोच भाव. परत आलो. "बसा, पाणी प्या, घाई कसली." पुन्हा बोटं लावली. आणखी उतरला, कारण कातडं कुजत होतं. हा नियमही माझाच. "बसा, पाणी प्या, घाई कसली."

मी तलवार मारली.

माझ्याच आवाजात ओरडला. आतून सुशीला म्हणाली, "काय हो, कोण मेलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "दुकानदार."

मग जे झालं ते ह्या सगळ्या खेळातलं सर्वांत किळसवाणं. काहीच झालं नाही. सेठ दारात पडला होता आणि शेजारचा दुकानदार तसाच उभा, "या, काय हवं?" त्याने दुकान बंद केलं नाही. खांदा द्यायला कुणी आलं नाही. ह्याला मुलगा असता तर त्याला बोलवायला पाहिजे होतं, पण मी भाव, पाऊस, गल्ला सगळं सांगितलं, ह्याला घर द्या म्हणून सांगायचं राहिलं. जेवायला जायचा तो कुठं जायचा मग?

मागं वळलो तर दारात संदेश उभा. कधीपासून कोण जाणे. म्हणाला, "सगळेच मारतात, बापू. वाईट वाटून घेऊ नका." आणि दात घासायला गेला.

सोमवार, २० नोव्हेंबर

आज दुकानावर माणसं भरपूर होती. सगळ्यांकडं काळी चिंच. संदेश उभा. "या. भाव पाटीवर आहे. पुढचं कोण?"

"पुढचा मी," मी म्हटलं.

ओट्यावर चढलो, त्याचा दंड धरून त्याला गादीवर बसवलं. खांद्यावरचा रुमाल काढला. अप्पाराव आणि सगळी माणसं पुढं सरकली. हणमंतराव स्वतःच्या पोराशी सौदा करतोय म्हटल्यावर बघणारच.

संदेश म्हणाला, "बापू, भाव पाटीवर आहे."

"हात दे."

त्याने दिला. रुमाल टाकला. थंड होता हात, आणि आता तितका मऊही नव्हता. मी त्याची बोटं धरली नाहीत. तळवा उघडला. पूर्ण, पाची बोटं सरळ करून, आणि तसाच धरून ठेवला.

त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. "कोणता सौदा, बापू?" अगदी हळू.

"जुलैचा."

"मोडायलात?"

"तू दुकान बुडवायला निघालास. किडक्या चिंचेने बोळ भरला. असला माणूस मला गादीवर परवडत नाही. पुण्याच्या त्या पोराला सांग, तुझ्या खेळातही कुणी अमर उभा दिसला तर मी येऊन बघेन. आणि चहा मी आणणार नाही, करायला शिका."

त्याची पापणी लवली, एकदा नाही, पुष्कळदा. माझा तळवा उघडाच होता. त्याने हात काढून घ्यायला हवा होता, सौदा मोडल्यावर तीच रीत आहे. त्याने काढला नाही. त्याची बोटं माझ्या तळव्यावर आली आणि त्यांनी काहीतरी सांगितलं. लहानपणी पोत्यांवर बसून खोट्या सौद्यात सांगायचा तसं.

अप्पारावने मान पुढं काढली. "कितने में हुआ, सेठ?"

मी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. इतक्या वर्षांत अप्पारावला एवढी अक्कल आली नाही. रुमालाखालचं तिसऱ्याला सांगत नसतात. वहीतही लिहीत नसतात.

पाटी उतरवली. एवढी काळी चिंच आता खपवायची कुणाला, ह्या विचाराने पुन्हा मळमळायला लागलंय.